ध्वनिक्षेपक तार

विवर्धकाकडून (विद्युत् संदेशाची शक्ती वाढविणाऱ्या साधनाकडून) ध्वनिक्षेपकाकडे शक्ती नेणारा दुपदरी विद्युत् वाहक. ही तार बहुधा तांब्याच्या अनेक बारीक धाग्यांची व प्लॅस्टिकच्या वेष्टनाची असते.

रेडिओच्या आरंभकाळी तारेच्या निवडीचा प्रश्न उद्भवलाच नव्हता. कर्ण्याच्या ध्वनिक्षेपकांचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) पुष्कळदा हजार ओहमांहून अधिक असे. त्यामुळे बारीक तारही पुरत असे. अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चल-वेटोळे ध्वनिक्षेपकावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. पुढे प्रचारात आलेल्या या प्रकारच्या ध्वनिक्षेपकांचा संरोध अवघा काही ओहम होता. परंतु रेडिओत विवर्धक व ध्वनिक्षेपक एकाच पेटीत असल्याने तार वीतभरच लागे. १९५८ मध्ये त्रिमितीय (स्टीरिओ) ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या आणि दोन ध्वनिक्षेपक परस्परांपासून दूर ठेवणे आवश्यक झाले. तार भिंतीकडेने खोलीभर फिरू लागली. तरीही घरातील टेबलदिव्याची दुपदरी तारच या कामी सर्रास वापरली जाई.

१९७० नंतरच्या दशकात खास जाड व महाग तारांचा व्यापार सुरू झाला. अमेरिकेत नोएल ली यांच्या मॉन्स्टर केबलने त्यास मोठी चालना दिली. तारेमुळे संगीताचा पोतच बदलतो, असे दावे होऊ लागले. स्टीरिओ रिव्ह्यू या मासिकाने १९८३ मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांची श्रवणचाचणी प्रसिद्ध केली. साध्या १६ गेज तारेहून महाग तार सरस असल्याचे तीत सिद्ध झाले नाही. २४ गेजच्या बारीक तारेचा फरक मात्र गोंगाटसदृश चाचणीध्वनीत ओळखता आला. वाद त्यानंतरही मिटला नाही, कारण तो केवळ भौतिकीचा नव्हता.

तारेचा रोध हाच निवडीतील मुख्य घटक होय. १ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०१७ ओहम असतो. प्रवाह जाऊन परत येत असल्याने लांबी दुप्पट धरावी लागते, हे अनेकदा विसरले जाते. तारेचा एकूण रोध ध्वनिक्षेपकाच्या संरोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा, असा प्रघात आहे. त्यानुसार १० मी. अंतरासाठी १ चौ. मिमी. तारेचा रोध सु. ०·३४ ओहम येतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकास ती चालते. ४ ओहमच्यास २·५ चौ. मिमी.ची तार घेणे इष्ट. ध्वनिक्षेपकाचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. त्यामुळे तारेचा रोध फार झाल्यास केवळ आवाज कमी होत नाही, तर निरनिराळ्या स्वरांचे परस्पर प्रमाणही बिघडते.

चांदीचा रोध तांब्याहून सु. ६ टक्क्यांनीच कमी असतो; तेवढा लाभ किंचित जाड तांब्याच्या तारेनेही मिळतो. काही विणलेल्या तारांची धारणा (विद्युत् भार साठविण्याची क्षमता) इतकी जास्त असते की, त्यामुळे विशिष्ट विवर्धक अस्थिर होतात.

तारेच्या दोन पदरांपैकी एकावर रेघ वा कंगोरा असतो. दोहोंपैकी एकाच ध्वनिक्षेपकाची टोके उलट जोडली गेल्यास खर्जाचे स्वर क्षीण होतात. हा दोष मात्र महागड्या तारेतही तितकाच ऐकू येतो.