इस्त्री केलेली पत

पूर्वी भवानी पेठेत माणसाची पत तोंडावर कळे. पुढे ती कार्डाच्या काळ्या पट्टीत शिरली. ही पट्टीही इस्त्रीची देणगी! १९६०च्या सुमारास आय.बी.एम.च्या फॉरेस्ट पॅरींना चुंबकीय फीत प्लास्टिकवर चिकटवता येईना. बायकोने ती इस्त्रीने बसवली, असं सांगतात. पट्टीत लोहाच्या ऑक्साइडचे कण, म्हणजे गंजाचेच भाऊबंद!

सौ.च्या पर्सला चुंबकाचं बटण. तीनशे ओर्स्टेडची पट्टी त्याने पुसली जाऊ शकते. २७५०ची सहसा दाद देत नाही. आईने मात्र पेन्शनचं कार्ड चार सोलापुरी चादरींच्या घडीत ठेवलं. कापड चुंबकाला अडवत नाही, अंतर अडवतं. तेव्हा म्हातारी बरोबरच!

रिझर्व्ह बँकेने २०१८अखेर चिप सक्तीची केली. चिपला चुंबकाचं भय नाही, असं आईला सांगितलं.

"असू दे, चादरीला तरी कुठं वजन होतंय?"