निर्वाहशेती व अन्नखर्च (अंबरनाथ–बदलापूर परिसर)

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील गावांत आणि ठाकूर-कातकरी वाड्यांवर मुख्यतः घरच्या खाण्यापुरती होणारी पावसाळी शेती. राब (पालापाचोळा, फांद्या) भाजलेल्या जागी भाताची रोपे वाढवून ती खाचरांत लावतात. वरकस (हलक्या जमिनीच्या) उतारावर नाचणी, वरी. भातकापणीनंतर उरल्या ओलीवर वाल येतो. रानभाज्यांत पावसाच्या तोंडाशी शेवळे, पुढे टाकळा, करटोली. उरलेली भाजी बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात जाते. घरचे पिकते म्हणून खर्च नाही, हा समज फसवा आहे. तेल, मीठ, चहा, साखर, सुकी मासळी रोखीनेच येते, आणि ती रोकड बहुधा वीटभट्टी वा कारखान्यातील मजुरीची. राष्ट्रीय उपभोग-खर्च पाहणीत घरच्या धान्याचीही किंमत धरतात. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भारताच्या उपभोग-खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. शिवाय रेशनवर अंत्योदय (अतिगरीब) कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळते.