शेवटच्या तासानंतरचे हायस्कूल

मुंबईहून निघालेली लांब पल्ल्याची गाडी कसाऱ्याला थांबली की मागून आणखी इंजिने येऊन तिला लागतात. रेल्वेची माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढच्या इंजिनाने ओढायचे, बँकरने मागून रेटायचे, असे करीत गाडी थळ घाट चढते आणि इगतपुरीला पोहोचली की बँकर सुटतात. इगतपुरीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला यात नवल वाटत नाही. गावच रेल्वेचे, वर्गातल्या कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी रेल्वेत असतेच. पण त्याच मुलाला ‘उतरणीवर वस्तू चढवताना किती बल लागते ते स्पष्ट करा’ असा प्रश्न घातला तर तो पुस्तकातले वाक्य आठवू लागतो. बँकर त्याला आठवत नाही. घरी कळलेले आणि वर्गात शिकलेले यांची गाठ शाळेत का पडू नये, हा प्रश्न आम्हाला पडला आणि त्याचे उत्तर शोधायला हायस्कूल या संस्थेच्या इतिहासात थोडे मागे जावे लागले.

आधी घाटाचे पाहू. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली. ती नाशिककडे न्यायची तर सह्याद्रीची भिंत आडवी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी थळ आणि बोर या दोन्ही घाटांची आखणी केली. ते १८६२ साली वारले. थळ घाटातून गाडी जाताना त्यांनी पाहिली नाही. १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीपर्यंतचा मार्ग खुला झाला. सव्वानऊ मैलांत ९७२ फूट चढण आणि तेरा बोगदे. आता वर्गातल्या फळ्यावर हे गणित करून पाहावे. सव्वानऊ मैल म्हणजे सुमारे ४८,८०० फूट. त्याला ९७२ ने भागले की सरासरी चढ ५० फुटांना १ फूट निघतो. पण ही सरासरी झाली. सर्वांत कठीण चढ ३७ ला १ आहे. १००० टनांची गाडी अशा चढावर उभी असेल तर तिला मागे खेचणारे बल १००० भागिले ३७, म्हणजे सुमारे २७ टन वजनाइतके असते. सपाटीवर हीच गाडी सावकाश चालवायला काही टनांचे ओढबळ पुरते. बँकर कशाला हवा, याचे उत्तर एका भागाकारात मिळते.

ज्या दशकात घाट फोडला जात होता त्याच दशकात मराठी मुलखात आणखी एक चढण तयार होत होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण घातले, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. हीच ती मॅट्रिक. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मॅट्रिक ही शाळेची परीक्षा नव्हती, विद्यापीठाच्या दाराची होती. शाळेत काय शिकवावे हे शाळेबाहेरच्या, तेही वरच्या, संस्थेने ठरवायचे आणि हायस्कूलने त्या वाड्याची ओसरी होऊन राहायचे, अशी ही रचना.

ही रचना लोकांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १८८२ च्या हंटर आयोगाने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचवल्या होत्या: एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे नेणारी. दुसरी वाट फारशी कोणी चोखाळली नाही. कारण उघड आहे. कचेरीत वा रेल्वेत कारकुनी मिळवायला जे चिठोरे लागे ते मॅट्रिकचे. बापाने आपल्या मुलाला चिठोऱ्याशिवायच्या वाटेने का धाडावे? त्याच आयोगाने माध्यमिक शिक्षण हळूहळू खाजगी संस्थांच्या हाती सोपवावे असेही म्हटले आणि ते मात्र घडले. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल त्याआधीच, १८८० साली, चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी काढले होते. पाठोपाठ आगरकर येऊन मिळाले. टिळक तिथे गणित शिकवीत. राष्ट्रीय बाण्याची ही शाळा. परंतु तिचीही कीर्ती पसरली ती मॅट्रिकच्या निकालामुळे आणि तिच्या विद्यार्थ्यांनी पटकावलेल्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्यांमुळे. पालकांना शाळा मोजायचे दुसरे माप ठाऊक नव्हते. (आजही फारसे आहे असे आम्हाला वाटत नाही.)

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज आणि १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, आणि अशा संस्थांच्या बळावर हायस्कूल जिल्ह्याच्या गावाबाहेर पडून तालुक्याच्या गावांपर्यंत आले. गावोगावच्या त्या शाळांचे दोन भाग पडलेले दिसतात. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मॅट्रिकचे राज्य. त्यानंतर सुरू होई ती दुसरी शाळा: कवायत, लेझीम, बालवीर पथक, हस्तलिखित मासिक, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी, थंडीतले स्नेहसंमेलन. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना आली आणि खाकी गणवेश शाळेत शिरला. या दुसऱ्या शाळेला पुढे ‘अभ्यासेतर उपक्रम’ असे नाव मिळाले. आमचे भांडण आहे ते या नावाशी. कारण प्रयोग, सहल, निरीक्षण, संग्रह ही विज्ञानाची सारी खरी कामे या नावाखाली गेली, आणि वर्गात उरला तो खडू.

दुसरा मार्ग कोणी काढलाच नाही असे मात्र नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव विद्यालय काढले. ‘कमवा व शिका’ हे तिथले सूत्र. ज्या मुलाने शिकण्यासाठी शेतात वा बांधकामावर घाम गाळला, त्याच्या त्या कामाला अभ्यासाच्या बाहेरचे कसे म्हणावे? तेच त्याच्या अभ्यासाचे भाडे होते. मात्र तिथेही परीक्षा आली की पुस्तक वेगळे आणि फावडे वेगळे.

स्वातंत्र्यानंतर परीक्षा विद्यापीठाकडून निघून शालान्त परीक्षा मंडळाकडे आली. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शाळेच्या वेळापत्रकात उपक्रमांना मानाचे स्थान द्यावे आणि सामान्य विज्ञान सर्वांना शिकवावे असे सांगितले. तरीही अकरावीच्या जुन्या शालान्त परीक्षेत बीजगणित-भूमिती न घेता अंकगणितावर भागवून उत्तीर्ण होता येई. याला पुष्कळ जण सोय म्हणत. आमच्या मते तो सापळा होता. मोठ्या शहरातला मुलगा विचारपूस करून विषय निवडी; लहान गावात शाळेत जो शिक्षक असेल तो विषय, आणि मुलींच्या बाबतीत तर घरच्यांना जो झेपेल असे वाटे तो. चौदाव्या वर्षी घेतलेल्या (किंवा कोणीतरी घेऊन टाकलेल्या) त्या निर्णयाने अभियांत्रिकीचे, वैद्यकाचे दार कायमचे बंद होई.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे करा, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात राज्य मंडळ १९६६ साली आणि पाठ्यपुस्तकांसाठी ‘बालभारती’ १९६७ साली स्थापन झाली होती. नवा आकृतिबंध लागू होऊन मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. सक्तीला त्या काळी विरोध झाला, विशेषतः गणिताच्या. आम्ही मात्र सक्तीच्या बाजूचे. रेल्वेतल्या खलाशाच्या मुलीला आणि मुंबईतल्या डॉक्टरच्या मुलाला एकच विज्ञान शिकायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

किंमतही पडली. विज्ञान सर्वांचे झाले, पण प्रयोगशाळा सर्वांच्या झाल्या नाहीत. आम्ही एकदा एका शाळेत प्रयोगाचे कपाट पाहायला मागितले. किल्ली शोधायला अर्धा तास गेला आणि आतल्या परीक्षानळ्या कारखान्यातून आल्या तशाच गवतात गुंडाळलेल्या निघाल्या. शिक्षक ओशाळले. त्यांचा दोष फार नव्हता. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि एक नळी फुटली तर भरपाई कोणी करायची, हा प्रश्न.

मग विज्ञान पुन्हा शेवटच्या घंटेनंतरच शिरले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून व्याख्याने-शिबिरे करीत होती. १९७१ पासून मुलांची राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शने भरू लागली, १९८१ साली मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली, १९८७ पासून २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आला. प्रदर्शनांत ज्वालामुखीच्या त्याच त्या प्रतिकृती पाहून आम्हीही कंटाळलो आहोत. पण १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली, तिची अट आम्हाला मोलाची वाटते: मुलांच्या लहान गटाने आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा आणि स्वतः मोजमाप करायचे. इथे अभ्यास आणि अभ्यासेतर यांतली भिंत पडते.

इगतपुरीच्या शाळेला असा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. १९३० साली कल्याणपासून इगतपुरीपर्यंत विजेची गाडी आली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे भुसावळच्या बाजूने २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला आणि २००६ पर्यंत दोन्ही पद्धतींची हद्द इगतपुरीला होती. बहुतेक गाड्यांचे इंजिन तिथे बदलावे लागे. तितकीच शक्ती जास्त दाबाने नेली तर प्रवाह कमी लागतो आणि तार कमी तापते, हा दहावीचा धडा फलाटावर उभा होता.

त्याहून सोपा प्रश्न पावसाचा. इगतपुरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिकला ७०० च्या आसपास. घाट चढताना हवा थंड होते, पाणी टाकते आणि पलीकडे कोरडी होऊन उतरते, हे भूगोलात वाचलेले असते. पण पाऊस नेमका कुठे घटतो? एकदम की हळूहळू? इगतपुरी, घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिकरोड ही स्टेशने एका माळेत आहेत. त्या त्या परिसरातल्या शाळांनी उभ्या भिंतींचा एकेक डबा उघड्यावर ठेवावा, रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजावी आणि आकडे एकमेकांना कळवावेत. डब्याचे तोंड लहान की मोठे याने बिघडत नाही. का बिघडत नाही, हे मुलांनीच सांगावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, हेही त्यांना करून कळेल. डबा झाडाखाली वा पन्हळीजवळ नको. इगतपुरीच्या मुलांनी मात्र खोल डबा घ्यावा. मुसळधारेच्या दिवशी उथळ डबा भरून वाहतो आणि त्या दिवसाचा आकडा फुकट जातो.

हे मोजमाप जूनच्या पहिल्या सरीपासून करायचे म्हणजे शाळा उघडताच डबे तयार हवेत, आणि रविवारी ते कोणी मोजायचे हे आधीच ठरवून ठेवायला हवे.