बांधावरची अंबाडी: नांदेड-लातूरमधील एका आंबट वनस्पतीचा इतिहास

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेच्या थंड, दलदलीच्या आणि आम्लधर्मी जमिनीत पसरणाऱ्या एका बुटक्या सदाहरित झुडपाचे लाल व अतिशय आंबट फळ असून, मॅसॅच्युसेट्समधील डेनिस या गावी हेन्री हॉल याने १८१६ च्या सुमारास त्याची पद्धतशीर लागवड सुरू केली, असे मानले जाते. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यातील काळ्या, चुनखडीयुक्त आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीत हे झुडूप जगण्याचा संभव नाही. मात्र अमेरिकेतल्याच उष्ण फ्लोरिडातही ते पिकत नसल्याने, तेथील लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एका वेगळ्या वनस्पतीच्या लाल, मांसल निदलपुंजाचा, म्हणजे पाकळ्यांना खालून धरून ठेवणाऱ्या आणि पाकळ्या गळाल्यावर फुगणाऱ्या हिरव्या-लाल दलांच्या वेढ्याचा, मुरंबा आणि चटणी करण्यास आरंभ केला व त्या वनस्पतीला ‘फ्लोरिडा क्रॅनबेरी’ म्हटले. ही वनस्पती म्हणजे नांदेड व लातूर जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेली लाल अंबाडी होय. ज्या निदलपुंजासाठी, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीतील बोंडांसाठी, परदेशात तिची बाग लावली गेली, ती बोंडे येथे जवळजवळ उपउत्पन्न का राहिली, हा तिच्या इतिहासातील खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

अंबाडी या एका नावाखाली भेंडी व जास्वंदीच्या कुळातील दोन भिन्न जाती येतात. पहिली हिबिस्कस कॅनाबिनस ही काटेरी लव असलेल्या उंच खोडाची, खोल कापलेल्या पानांची आणि मध्यभागी गडद ठिपका असलेल्या पिवळट फुलांची असून ती मुख्यतः धाग्याची वनस्पती आहे. इंग्रजी व्यापारी कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘डेक्कन हेम्प’ या नावाने येतो. दुसरी हिबिस्कस सबदरिफा ही लालसर देठांची व अधिक आंबट पानांची असून तिचे पुन्हा दोन प्रकार पडतात: एक सरळ वाढणारा, पातळ निदलांचा आणि धाग्यास योग्य, दुसरा फांद्या फुटणारा, बुटका आणि मांसल बोंडांचा. दोन्ही जातींचे मूळ आफ्रिकेत असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या कोरडवाहू शेतीत त्या इतक्या मुरल्या, की त्यांना परकीय समजण्याचे कारण येथील शेतकऱ्याला कधी पडले नाही.

या दोन जिल्ह्यांच्या जुन्या शेतीत अंबाडीला स्वतंत्र शेत क्वचितच मिळे. खरिपातील ज्वारी, तूर किंवा कापूस यांच्या पेरणीत तिफणीमागे बांधलेल्या मोघ्यातून, म्हणजे आंतरपिकाचे बी सोडण्याच्या वेगळ्या नळीतून, तिच्या काही ओळी टाकल्या जात, किंवा शेताच्या कडेने तिची किनार धरली जाई. पाला भाजीला, वाख म्हणजे सालीचा धागा दोराला, बी जनावरांच्या खाद्याला आणि उरलेल्या काड्या जळणाला किंवा कुडाला अशी तिची वाटणी होती. परंतु या उपयोगांत एक अंगभूत विरोध होता, आणि त्याकडे लक्ष दिल्यावाचून बोंडांचे गौणत्व समजत नाही. उत्तम धागा मिळवायचा तर झाड फुलावर येताच कापावे लागते, कारण बी धरू लागल्यावर खोडातील तंतू राठ होतो. बोंडे हवी असतील तर फुले गळून निदलपुंज भरेपर्यंत झाड उभे ठेवावे लागते. आणि पाला वारंवार खुडला तर खोड उंच न होता फांद्या फुटतात. ज्या अर्थव्यवस्थेत दोराची गरज सर्वांत मोठी होती, त्या अर्थव्यवस्थेत कापणी दोराच्या सोयीने होणार हे ओघाने आले, आणि मग बोंडे मिळत ती प्रामुख्याने बियाण्यासाठी राखलेल्या मोजक्या झाडांचीच.

ही गरज किती मोठी होती, याची कल्पना यंत्रयुगातील वाचकाला सहजी येणार नाही. विहिरीच्या मोटेचा नाडा आणि सोल, बैलाची वेसण, कासरा आणि दावे, जुवाच्या जुपण्या, गाडीवरचा कडबा आवळण्याचे चऱ्हाट, बाज विणण्याची दोरी, दुभत्याचे शिंके यांपैकी एकही वस्तू वाखाशिवाय तयार होत नसे, आणि पाण्यात सतत भिजणारे दोर तर वारंवार बदलावे लागत. कापलेल्या अंबाडीच्या पेंढ्या ओढ्याच्या किंवा नदीच्या डोहात दगडांखाली दाबून आठ-पंधरा दिवस कुजत घातल्या जात; सूक्ष्मजीवांच्या क्रियेने साल खोडापासून सुटली, की ती सोलून, धुऊन, वाळवून वाख काढला जाई. वाखाचे दोर वळण्याचे काम गावगाड्यात परंपरेने मातंग समाजाकडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे, म्हणजे वर्षभराच्या सेवेच्या बदल्यात सुगीला धान्याचा वाटा देण्याच्या पद्धतीचे, जे विवेचन आहे, त्यात या समाजाचे स्थानही येते. पोळ्याच्या सणाला बैलांच्या अंगावर नवी वेसण आणि नवा कासरा चढविण्याची रीत या कसबावर अवलंबून होती; परंतु ज्यांच्या हातचा दोर बैलाच्या मानेवर मिरवे, त्यांना आपल्या कामाचा दर ठरविण्याचा अधिकार नव्हता. अंबाडीच्या दोराविषयी आज जो हळवा सूर लावला जातो, त्यात ही बाजू बहुधा गाळलेली असते.

वसाहतकालीन अभ्यासकांनी अंबाडीकडे पाहिले ते प्रामुख्याने बंगालच्या तागाचा पर्याय म्हणून. जॉर्ज वॉट यांच्या १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या कोशात तिची नोंद आहे, आणि बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने दोन्ही जातींच्या वाणांचे केलेले वर्गीकरण १९११ मध्ये छापले गेले. आंध्रच्या किनाऱ्यावर भीमुनिपट्टणम बंदरातून हा धागा निर्यात होऊ लागला. १९४७ च्या फाळणीत ताग पिकविणारा बहुतांश प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला व गिरण्या मात्र हुगळीकाठी राहिल्या, तेव्हा तर या पर्यायी धाग्याची निकड वाढून आंध्रात त्याचे क्षेत्र विस्तारले. निजामाच्या राज्यातील नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे या लाटेपासून दूरच राहिले. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून धावू लागला होता आणि बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली होती; म्हणजे वाहतुकीची सोय नव्हती असे नाही. परंतु या गाड्यांना कापूस आणि तेलबिया यांचा माल पुरेसा होता, धागा घेणारी गिरणी जवळ नव्हती, आणि मोठ्या प्रमाणावर अंबाडी कुजविण्यास लागणारे संथ, भरपूर पाणी दिवाळीनंतर येथल्या ओढ्यांत उरत नसे. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या परिसरात धाग्याचा उद्योग का रुजला नाही, याचे निराळे स्पष्टीकरण शोधण्याची आवश्यकता नाही.

बाजारात नसलेली ही वनस्पती स्वयंपाकघरात मात्र मानाने नांदली. देगलूर, बिलोली, धर्माबाद हा तेलंगणाला आणि उदगीर, निलंगा, देवणी हा कर्नाटकाच्या बीदर भागाला लागून असलेला पट्टा भाषेच्या सीमेवर असला, तरी आंबट पाल्याच्या बाबतीत तेथे सीमा जाणवत नाही. तेलुगू घरांतील गोंगुरा किंवा पुंटिकुरा, कानडी घरांतील पुंडी पल्ले आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या घरांतील अंबाडा गोश्त ही एकाच पाल्याची रूपे होत. मराठी घरांत पाला उकडून, त्याचे आंबट पाणी पिळून टाकून, तुरीची डाळ किंवा ज्वारीच्या कण्यांबरोबर तो शिजवितात आणि ज्वारीच्या भाकरीशी वाढताना वरून लसणाची तेलकट फोडणी घालतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे ज्येष्ठा गौरींच्या, नैवेद्यात पुरणपोळीच्या शेजारी ज्वारीची आंबील आणि अंबाडीची भाजी असावी लागते. गोडाधोडाच्या ताटात या आंबट पाल्याला मिळालेली जागा पाहता, देवीच्या नैवेद्याने येथल्या कोरडवाहू शेतीशी नाते तोडलेले नाही, असे म्हणता येते. बोंडांची चटणी आणि सरबत होत असे, परंतु ते थोड्या दिवसांचे आणि थोड्या घरांचे.

नायलॉन आणि प्लॅस्टिकचे दोर, मोटेच्या जागी आलेले विजेचे पंप आणि बैलांच्या जागी आलेले ट्रॅक्टर यांनी वाखाची गरज संपविली. १९९० नंतर सोयाबीनचा विस्तार होऊन लातूर हे त्याच्या व्यापाराचे मोठे केंद्र बनले, आणि पाल्याच्या अंबाडीलाही शेतातील ओळ गमवावी लागली, कारण सलग पिकात तणनाशक फवारले, की रुंद पानांचे मिश्रपीक तणाबरोबरच जाते. त्यानंतर अंबाडी उरली ती परसात, विहिरीजवळच्या वाफ्यात आणि आठवडी बाजारातील जुड्यांत.

याच काळात शहरी दुकानांत साखरेत मुरवून वाळविलेल्या क्रॅनबेरीची पाकिटे दिसू लागली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने अमेरिकी क्रॅनबेरीवरील आयातशुल्क कमी करण्याचे मान्य केले. या फळाची कीर्ती मूत्रमार्गाच्या संसर्गाशी जोडलेली आहे. त्यातील प्रोअँथोसायनिडिन या गटातील विशिष्ट संयुगे ई. कोलाय जिवाणूला मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असे मानले जाते. औषधोपचारांच्या पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रन या संस्थेने २०१२ मध्ये या दाव्याला फारसा आधार दिला नव्हता, परंतु ५० अभ्यासांचा विचार करून २०२३ मध्ये काढलेल्या आढाव्यात, वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांच्या बाबतीत क्रॅनबेरीने प्रतिबंधास मदत होते, असा निष्कर्ष काढला. झालेला संसर्ग तिने बरा होतो, असे त्यात म्हटलेले नाही, आणि साखरेत घोळलेल्या फळांच्या मुठीला हा निष्कर्ष लावणे तर अधिकच धाडसाचे आहे.

हे गुण केवळ रंग आणि चव सारखी आहे म्हणून लाल अंबाडीला चिकटविणे, जसे अलीकडे जाहिरातींत होते, अशास्त्रीय ठरते. तिचा पुरावा स्वतंत्र आहे आणि तो वेगळ्या दिशेचा आहे. तिच्या बोंडांत अँथोसायनिन ही लाल रंगद्रव्ये आणि सेंद्रिय आम्ले विपुल असतात. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, किंचित वाढलेला रक्तदाब असलेल्या आणि औषध न घेणाऱ्या ६५ व्यक्तींपैकी ज्यांना सहा आठवडे रोज तीन कप बोंडांचा चहा दिला, त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ मिलिमीटरने उतरला, तर दिखाऊ पेय घेणाऱ्यांचा १.३ मिलिमीटरने. हा परिणाम वाळविलेल्या बोंडांचा आहे, पाल्याचा नव्हे. पाल्यात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असल्याने मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी तो बेताने खावा लागतो, आणि उकडून पाणी पिळण्याच्या घरगुती रीतीने ते आम्ल काही प्रमाणात निघून जाते, अर्थात क जीवनसत्त्वाचाही काही भाग त्याबरोबर जातो.

बोंडांना आता बाहेर मागणी असल्याने नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याने अंबाडीकडे पुन्हा वळावे, असा सल्ला दिला जातो. त्यात अडचण बियाण्याची आहे. दोराच्या काळात पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेलेले बी उंच, सरळ आणि पातळ निदलांच्या झाडांचे होते. भाजीसाठी परसात राखलेले बी पानांच्या निवडीतून आलेले आहे. मांसल बोंडांचा वाण हा तिसराच असून त्याला अधिक अंतर, लांब हंगाम आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताने तोडणीची मजुरी लागते. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूर आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भूभागाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले, त्यामागे त्या गावांनी टिकविलेले वाण आणि त्यांची ओळख ठेवणारा ग्राहक होता. अंबाडीचा ग्राहक अद्याप पाल्याची जुडी मागतो, आणि विक्रेतीच्या टोपलीतही तीच असते.