सुतारकीचा वारसा

जीर्णोद्धाराच्या प्रसंगी देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात. सुताराचे नाव सहसा कोठे नसते. खानदेशात धाब्याच्या घरांचे खांब, तुळया, चौकटी, तसेच नांगर व बैलगाडी त्यानेच घडविली. बारा बलुतेदारांत त्याचा मान होता. सुगीला खळ्यावरून धान्य मिळे. विद्या बापाकडून लेकाकडे जाई. रंधा किती दाबावा, कुसू किती घट्ट बसवावे, हे बापाशेजारी बसूनच कळे.

जळगावचा श्रीराम रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. कार्तिकी एकादशीस तो लाकडी रथ आजही निघतो. चाकांखाली मोगरी लावून त्यास थांबवितात, वळवितात. हे कसबही जाणत्याच्या हाताखाली राहूनच येते. हात शिकत राहिले, तरच लाकूड टिकते.

पुढे लोखंड, सिमेंट व ट्रॅक्टर आले, बलुते गेले. सुताराची मुले पोटासाठी शहरात गेली, त्यात त्यांचा दोष नाही. तरी मंदिराचे जुने दार उतरविण्यापूर्वी गावच्या सुतारास एकदा दाखवावे. ते दुरुस्त होत असेल तर काम त्यालाच द्यावे आणि त्याच्या मुलास शेजारी बसवावे, एवढीच ग्रामस्थांस व देणगीदारांस नम्र विनंती.