जपानमधील सार्वजनिक निवृत्तिवेतन

वृद्ध, अपंग आणि मृत विमेदारांचे आश्रित यांना निर्वाहासाठी नियमित रक्कम देणारी, कायद्याने सक्तीची विमापद्धती. नोकरदारांची योजना १९४२ मध्ये सुरू झाली. १९६१ पासून शेतकरी, दुकानदार आदींनाही निवृत्तिवेतन लागू झाले. १९८६ पासून सर्वांसाठी मूलभूत आणि नोकरदारांसाठी त्यावर पगाराच्या प्रमाणात वाढीव, अशी दुहेरी रचना आहे.

आजच्या वृद्धांचे वेतन मुख्यतः आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून भागते. अशा पद्धतीतील परतावा लोकसंख्यावाढीच्या दराइतका असतो, हे पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५८ मध्ये दाखवले. हेन्री एरन यांनी १९६६ मध्ये त्यात पगारवाढीच्या दराची भर घातली. जपानमध्ये पुढे हे दोन्ही दर घसरले. पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण १९७० मध्ये ७ टक्के होते, १९९४ मध्ये १४ टक्के झाले आणि आज ते सुमारे २९ टक्के आहे.

आधी वेतन ठरवायचे आणि त्यासाठी वर्गणी वाढवत न्यायची, हा क्रम २००४ च्या सुधारणेने उलटा केला. नोकरदारांची वर्गणी टप्प्याटप्प्याने वाढवून २०१७ मध्ये पगाराच्या १८.३ टक्क्यांवर कायम केली गेली. तिचा निम्मा भाग मालक भरतो. मूलभूत वेतनाच्या खर्चातील सरकारचा वाटा एक-तृतीयांशावरून निम्म्यावर नेण्यात आला. वर्गणीदार घटले आणि आयुर्मान वाढले, की त्या प्रमाणात वेतनवाढीला कात्री लागते. उदा., महागाईमुळे २ टक्के वाढ देय असून कपात ०.९ टक्के असेल, तर हाती १.१ टक्केच वाढ पडते. मात्र या कपातीमुळे वेतनाचा आकडा आदल्या वर्षापेक्षा खाली आणता येत नाही. त्यामुळे भाव न वाढण्याच्या काळात कपातीचा नियम कागदावरच राहिला आणि २०१५ मध्ये प्रथम अंमलात आला. लांबलेल्या कपातीचा भार पुढच्या पिढ्यांवर सरकला.

भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार २०१६ पासून अंमलात आहे. त्यामुळे भारतीय कंपनीने जपानला पाठवलेल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही.

चाळीस वर्षे वर्गणी भरणाऱ्याला २०२४-२५ मध्ये मूलभूत वेतन दरमहा ६८,००० येन होते. केवळ त्यावर जगणाऱ्या वृद्धांना कपात सर्वाधिक जाचते. वर्गणीवर मर्यादा घातल्याने तरुणांना संरक्षण मिळाले. तसेच संरक्षण या वृद्धांना देणे, ही या पद्धतीची अपुरी राहिलेली जबाबदारी आहे.