नांदूर मध्यमेश्वर

महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा नद्यांच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या पट्ट्यात त्याच्या कालव्यांनी बागायत फुलली. बंधाऱ्यामागे मात्र दोन्ही नद्यांचा गाळ साचत राहिला. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे तयार झाली, काठाने पाणकणीस माजले. सिंचनाच्या हिशेबात हा तोटाच; पण आजची पाणथळ याच गाळाची देणगी आहे.

हिवाळ्यात पातळी उतरली की चिखल उघडा पडतो. घोटाभर पाण्यात चमचा पक्षी चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि सावज लागताच ती मिटतो. थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळते; चोचीच्या कडेच्या दातऱ्यांत बारीक जीव व बिया अडकतात. शेकाट्या लांब तांबड्या पायांवर चिखलातले भक्ष्य टिपत हिंडतो. खोल पाण्याच्या आणि उभ्या काठांच्या धरणात या पक्ष्यांना पोट भरणे कठीण.

येथे सजीवांच्या ५३६ जाती नोंदल्या आहेत. त्यांत अतिसंकटग्रस्त गिधाडेही येतात. पुराचे पाणी या सखल भागात पसरते व त्याचा जोर ओसरतो. जवळच्या चापडगावच्या तरुणांना पक्षिमार्गदर्शनातून रोजगार मिळतो.

१९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या पाणथळविषयक करारानुसार यातील १,४३७ हेक्टर क्षेत्राला मिळालेला रामसर स्थळाचा दर्जा जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. वाढते नागरीकरण, पाण्याचा उपसा आणि जलपर्णी हे येथील मुख्य धोके. सांडपाण्यातल्या व खतांतल्या पोषक द्रव्यांवर जलपर्णी फोफावते. तिच्या जाड थराखाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. ती दरवर्षी उपसून काढण्यापेक्षा वरच्या अंगाचे सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे हा खरा उपाय.

२०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलसाठे पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. नांदूर मध्यमेश्वरला अभयारण्याचे व रामसरचे कवच आहे. सिंचनाच्या इतर बहुतेक तलावांना ते नाही. पाणी माणसाने अडवले म्हणून तिथल्या जीवसृष्टीचे मोल कमी ठरवणे चुकीचे आहे. भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे ज्या उजनी जलाशयात उतरतात, तोही मुख्यतः सिंचनासाठी बांधलेला आहे.